राखाडी साडीचं मॅचिंग

ये गं, अशी जवळ बस. किती दिवसांनी म्हातारीची आठवण झाली? बरं, राहू दे. तुझ्या मोबाइलवरचा हा शिंजीर पक्षी बघून मला सापुताऱ्याचा घाट आठवला. तेव्हा आम्ही सुरतेजवळ कडोदऱ्याला राहायचो, मी घरी बसून भरतकामाच्या साड्यांचे सुटे धागे कापायचे. एकदा शेठनं राखाडी साडी आणि रिळांची पिशवी दिली. म्हणाला, "बेन, भरतकामाचे रंग तू निवड. जमलं तर यापुढे मॅचिंग तुझ्याकडे." आठ दिवस रंग काही सुचेना. पिशवी घेऊनच माहेरी गेले. परतताना घाटात बस गरम होऊन थांबली, आणि समोर पांगाऱ्यावर हे अंगठ्याएवढं पाखरू, वाकड्या चोचीनं फुलातला मध पितंय. छाती लालभडक, तिच्यावर बारीक पिवळ्या रेघा, आणि पोट अगदी माझ्या साडीसारखं राखाडी! मी रिळं घेऊन धावले, एकेक लाल धागा त्याच्या दिशेनं धरून बघू लागले. तुझे आजोबा खिडकीतून ओरडले, "पाखराला साडी नेसवतेस का? बस सुटेल." म्हटलं, "सुटू दे." उडालं तर, म्हणून हळूच एकेक रीळ बदलत होते. पण तिसरं रीळ जुळेपर्यंत ते हललं नाही. सुरतेत शेठनं मी जुळवलेला लाल-पिवळ्या धाग्यांचा नमुना उजेडात धरला, दोनदा फिरवला. "आ कोणे शीखवाड्युं, बेन?" म्हटलं, "शिकवलं घाटातल्या उस्तादानं." त्या दिवसापासून धागे कापणं सुटलं ते सुटलंच. आता गुडघे ऐकत नाहीत, पण घाटातला पांगारा फुललाय म्हणे. तर लवकर परत ये बाई, गाडी घेऊनच ये.