दुर्बिणीतली उलटी माणसं

साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या चष्म्याकडे बघून मान हलवली. "दुर्बिणीचं काम आहे बाई. त्याला डोळे लागतात. तुम्ही ऑफिसात बसून नकाशे उतरवा."

मी नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि एका कंत्राटदाराकडे सर्व्हेच्या कामाला लागले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या भागाला तेव्हा सगळे न्यू बॉम्बेच म्हणत. वाशीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वडील कारकून होते, आणि नेरूळकडे नुसती मातीची भरणी चालली होती. तिथे सारसोळे गावाच्या कडेने खाडीपर्यंत एक मोठं गटार काढायचं होतं. त्याच्या उतारासाठी जमिनीची उंची मोजणं हे आमचं काम.

मी म्हटलं, "साहेब, आठ दिवस द्या. नाही जमलं तर नकाशे उतरवीन."

त्यांनी पुन्हा एकदा चष्म्याकडे पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी जीपमध्ये त्यांनी मला जागा दिली.

ज्याला सगळे दुर्बीण म्हणत ती खरं तर लेव्हल. तिपाईवर बसवलेली पितळी नळी. तिच्यातून समोर धरलेल्या आकड्यांच्या पट्टीकडे बघायचं, आतली केसासारखी आडवी रेघ ज्या आकड्यावर येईल तो वहीत लिहायचा. पट्टी धरायला सारसोळ्याचे एक काका होते, पन्नाशीचे, शांत, पट्टी धरली की खांबासारखे उभे राहणारे.

चष्म्याचा प्रश्न पहिल्या सकाळीच सुटला. चष्मा काढला, डोळ्याजवळची कडी हळूहळू फिरवली, आणि रेघ काळीभोर, स्वच्छ दिसायला लागली. त्या कडीतलं भिंगच माझा चष्मा झालं होतं. साहेबांनी माझा आकडा तपासला, त्यांचाही तोच आला. ते "हं" म्हणाले. मला तेवढं पुरलं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड निघाला. त्या नळीतून सगळं उलटं दिसायचं. काका डोक्यावर उभे, आकाश खाली, जमीन वर. उलटे आकडे वाचायची सवय दोन दिवसांत झाली, पण असं का, ते कुणी सांगेना. कॉलेजात भिंगांच्या आकृत्या काढल्या होत्या, त्या परीक्षेपुरत्या. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "उलटं दिसतं म्हणून उलटं वाचायचं. त्यात विचारायचं काय?"

मीही तो विषय सोडून दिला असता. पण दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गावातल्या बायका आमच्या बाजूने येतच नाहीत. खाडीवर जायची पायवाट आमच्या तिपाईसमोरून जायची. ती सोडून त्या डोक्यावर पाट्या घेऊन भरणीच्या ढिगाऱ्यांना वळसा घालून जात होत्या, चांगला अर्धा मैल.

काकांना विचारलं. त्यांनी पट्टी पुसायला घेतली. मग खाली बघत म्हणाले, "पोरं बोलतान, दुर्बिनीत बाईमानूस उलटा दिसतो. लुगडं खाली पडतं न् सगला दिसतो. माझी बायको पन येत नाय या वाटेनं."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. कुणीतरी टवाळीत बोललं होतं आणि गावातल्या सगळ्या बायका रोज त्यापायी पायपीट करत होत्या. मी ठरवलं, याचं उत्तर शोधायचं, आणि असं शोधायचं की ते त्यांना दाखवता येईल.

घरी वडिलांचं पेपर वाचायचं भिंग होतं. रविवारी सकाळी ते घेऊन मी खिडकीसमोरच्या भिंतीशी उभी राहिले. भिंग भिंतीपासून मागे-पुढे करत होते. एका अंतरावर अचानक भिंतीवर आमची खिडकी उमटली, टिकलीएवढी, आणि तिच्यात समोरची बिल्डिंग, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळं रंगांसकट आणि सगळं उलटं. आई पोळ्या टाकून बघायला आली. मी वहीवर काडेपेटी काढली आणि तिच्या वरच्या टोकापासून भिंगातून जाणारी रेघ ओढली. ती पलीकडे खाली उतरत होती. खालच्या टोकाची वर चढत होती. वाटेत दोघी एकमेकींना ओलांडत होत्या. इतकंच होतं. लेव्हलच्या पुढच्या भिंगामागे असंच उलटं चित्र तयार होतं आणि डोळ्याजवळचं भिंग ते आहे तसंच मोठं करून दाखवतं. सुलटं करायला आणखी भिंगं घालावी लागतात, त्यात उजेड कमी होतो, म्हणून घालत नाहीत.

सोमवारी मी भिंग पिशवीत घालून नेलं. दुपारच्या सुट्टीत काकांना म्हटलं, "काकींना बोलवा. म्हणावं, बाईच आहे दुर्बिणीवर."

काकी आल्या, त्यांच्यामागे आणखी चार-पाच जणी, पण सगळ्या तिपाईच्या मागच्या बाजूला. काका समोर पट्टी घेऊन उभे राहिले. मी काकींचा डोळा नळीला लावून दिला.

"अगो बाय! ह्यो तर डोक्यावर उभा हाय!"

"आणि लुंगी?"

त्या पुन्हा वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "लुंगी हाय तितंच हाय."

"काका पडले का?"

"नाय. पट्टी पन नाय पडली." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मग उलटा कुनी केला त्याला?"

मी एका पुठ्ठ्यावर कोरा कागद लावला, तो आमच्या सामानाच्या खोपटाच्या सावलीत धरला आणि त्याच्यापुढे भिंग. कागदावर खाडी उमटली, आभाळ खाली, होड्या वर. बायका वाकून बघत होत्या. एकीने मागे वळून खऱ्या होड्यांकडे पाहून खात्री केली. मी सांगितलं, उजेड सरळ येतो, वरचा खाली जातो, खालचा वर जातो. माणूस आहे तसाच असतो. काकींनी भिंग हातात घेतलं आणि स्वतः ते चित्र पुन्हा आणून दाखवलं. त्या संध्याकाळी त्या पाटी घेऊन आमच्या समोरून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्याही.

पुढच्या आठवड्यात आम्ही एक टप्पा पुन्हा पडताळत होतो, तर साहेबांच्या नेहमीच्या जागी, गावाकडच्या खुणेजवळ, मातीचा ट्रक फसून बसला होता. ते प्रत्येक टप्प्यात तिपाई अशीच गावाकडच्या खुणेजवळ मांडत, तिच्यावरची पट्टी वाचत आणि मग लांबच्या, खाडीकडच्या खुणेवरची. त्या दिवशी मी ती दोन खुणांच्या बरोबर मध्ये मांडली. आणि दोन खुणांमधला फरक वहीतल्या आधीच्या फरकापेक्षा दोन सेंटिमीटरने वेगळा आला. तीनदा बघितलं. तिन्हीदा तोच.

साहेब म्हणाले, "चष्मा लावून बघा."

मला झोंबलं. घरी जाऊन डिप्लोमाचं पुस्तक काढलं. नळीची नजर थोडी वर झुकलेली असेल, तर लांबचा आकडा खोटाच मोठा येतो, म्हणजे तिथली जमीन आहे त्याहून खाली वाटते. मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडे सारखाच खोटा येतो आणि फरक खरा निघतो. म्हणजे एकेका मांडणीत दोन सेंटिमीटर. आम्ही अशा दहा-बारा मांडण्या केल्या होत्या. खाडीकडचं टोक कागदावर खाली दिसत होतं, प्रत्यक्षात ते गावाच्या जवळजवळ बरोबरीने होतं. तसंच गटार बांधलं असतं तर पाणी लोकांच्या उंबऱ्याशी उभं राहिलं असतं.

पण पुस्तक दाखवून साहेब ऐकणार नव्हते. त्यांना नाकारता येणार नाही असं काहीतरी हवं होतं. मी काकांना विचारलं, "आपल्या खुणांइतक्याच, साठ मीटर अंतरावर दोन खुंट्या अगदी सारख्या उंचीवर ठोकायच्या तर कशा ठोकायच्या?"

काकांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "मिठागरात चल. पानी खोटं नाय बोलत."

दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत आम्ही मिठागराच्या एका मोठ्या वाफ्यात उतरलो. पाणी आरशासारखं स्थिर होतं. काकांनी एका टोकाला खुंटी ठोकली, तिचं डोकं पाण्याला नुसतं टेकेपर्यंत. मग दुसऱ्या टोकाला तशीच. मी बांधावर पहिल्या खुंटीजवळ तिपाई मांडली आणि साहेबांना निरोप धाडला.

ते कुरकुरत आले. मी काही समजावलं नाही. म्हटलं, "दोन्ही खुंट्या पाण्याला टेकल्यात. तुम्हीच वाचा."

त्यांनी जवळच्या खुंटीवरची पट्टी वाचली. काका पाण्यातून चालत दुसऱ्या टोकाला गेले. पाणी पुन्हा निवळेपर्यंत आम्ही थांबलो. साहेबांनी वाचलं. मग नळी सपाट आहे ना हे दाखवणारा तिच्यावरचा बुडबुडा तपासला. पुन्हा वाचलं. दोन सेंटिमीटर जास्त.

ते बांधावर बसले आणि बूट काढून त्यातला चिखल झटकू लागले. झटकता झटकता म्हणाले, "किती मांडण्या झाल्या असतील?"

"बारा."

"सगळ्या पुन्हा?"

"सगळ्या."

त्यांनी खिशातून पातळ सळई काढून माझ्या हातात दिली. डोळ्याजवळच्या कडीमागे आतली आडवी रेघ वर-खाली सरकवणारे चार बारीक स्क्रू होते. ते म्हणाले, "फिरवा. मी आकडा सांगतो." मी सळई स्क्रूच्या भोकात घातली. एक किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, मग पुन्हा आकडा. दोन्ही खुंट्यांवरचा आकडा सारखा यायला तासभर लागला.

कंत्राटदाराने आरडाओरडा केला. साहेबांनी तो एकट्याने ऐकून घेतला, माझं नाव मध्ये येऊ दिलं नाही, आणि चूक आपलीच होती असं स्वतः सांगितलं. हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. पुढचे तीन आठवडे आम्ही गटाराची सगळी रेघ नव्याने मोजली, प्रत्येक वेळी तिपाई मध्यावर. खाडीकडचं टोक आणखी खोल खणावं लागलं.

गटार तयार झालं तेव्हा गावाच्या टोकाला टँकर उभा करून पाणी सोडलं. सगळं सारसोळं काठावर होतं. पाणी आधी घुटमळलं, माती भिजवत राहिलं, मग धार धरून निघालं. काका त्याच्याबरोबर काठाने चालू लागले, नंतर पळायलाच लागले. खाडीच्या तोंडाशी पोचून त्यांनी दोन्ही हात वर केले.

साहेब माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "उद्यापासून पलीकडच्या सेक्टरचं काम. दुर्बीण तुमच्याकडे. सात वाजता जीप येईल."

"साडेसहा करा," मी म्हटलं. "ऊन चढलं की हवा थरथरते आणि पट्टी नाचायला लागते."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून साडेसहा सांगितलं.