शेवटची वीस मिनिटं

मागच्या दिवाळीत मुलीनं मला पिक्चरला नेलं. थेटर जालन्यातलंच, पण आता गाद्यांच्या खुर्च्या, एसी आणि मक्याच्या लाह्या. पिक्चर रंगात आला होता. हिरोच्या मागं दहा-बारा गाड्या लागलेल्या, आणि मी उठून उभा राहिलो. पायात चप्पल सरकवली, खिशात रुमाल चाचपला.

"पप्पा, कुठं निघाले?"

"गाडी..." एवढंच तोंडातून निघालं.

"कोन्ती गाडी? स्कुटीवर आलो आपण."

मागच्या रांगेतून आवाज आला, "बसा ना काका. तुमच्याबिगर थोडीच पकडणारेत त्याला."

मी बसलो. मुलगी घरी येईपर्यंत हसत होती. तिला वाटलं, बापाला डुलकी लागली असेल. मी तसंच वाटू दिलं. गप्प राहून गोष्टी निभावून न्यायची मला जुनी सवय आहे.

उठण्याची सवय त्याहून जुनी. विशीत मी बदनापूरहून रोज जालन्याला यायचो. जुन्या जालन्यात एका ठोक कापड दुकानात कामाला होतो. दिवसभर थान उलगडायचं आणि परत गुंडाळायचं. रेल्वेचा महिन्याचा पास होता. सुट्टीच्या दिवशी तो वाया कशाला घालवायचा, म्हणून त्या दिवशी पिक्चर, तीनचा खेळ. खेळ सहाला सुटायचा आणि परतीची पॅसेंजरही सहालाच. थेटर नदीच्या पल्याड, स्टेशन अल्याड. त्यामुळे शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली की मी अंधारात लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर. पिक्चर किती पाहिले, मोजले नाहीत. शेवट मात्र एकाचाही पाहिला नाही.

तरी पिक्चरबद्दल मी मतं ठेवून आहे. बर्फातल्या प्रेमाचे पिक्चर मला कधी पटले नाहीत. पातळ साडीत नाचणाऱ्या त्या बाईला थंडी वाजत असेल, याच काळजीत माझं गाणं संपायचं. भुताच्या पिक्चरात लाइट गेली की सगळे किंचाळतात. आमच्याकडं ती रोज जाते, कुणी मान वर करून पाहत नाही. जीप उचलून फेकणारे दक्षिणेकडचे हिरो मला आवडतात, कारण ते कुणाची समजूत घालत बसत नाहीत. नव्या पिक्चरांत इतका अंधार असतो की कोण रडतंय तेच कळत नाही. मुलगी म्हणते, ते खऱ्यासारखं असतं. आणि कोर्टाचे पिक्चर मी टाळतो. पिंजऱ्यात उभ्या माणसाला तिथं सगळ्यांदेखत विचारतात, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.

तेव्हा असली मतं ऐकायला घरी आक्का होती. माझी मोठी बहीण, तीन वर्षांनी मोठी. पोरीनं थेटरात जाणं आमच्या घरात बसत नव्हतं. तिनं लग्नाआधी थेटर आतून पाहिलं नाही. सगळे पिक्चर तिनं माझ्या तोंडून पाहिले. मी घरी आलो की ती ताट वाढायची, समोर बसायची आणि म्हणायची, "हं." मी नावांच्या पाट्या पडतात तिथपासून सुरू करायचो. मारामारीला पळी, मोटारीला तांब्या. घास चावायला थांबलो की तिचा आवाज यायचा, "मंग?"

त्या एका शब्दासाठी मी पिक्चरला जायचो, हे मला फार उशिरा कळलं.

शेवट मी रचायचो. स्टेशनपासून घरापर्यंत चालताना तो तयार व्हायचा. माझ्या पिक्चरांत कुणी मरत नव्हतं, शेवटी बँड वाजायचा आणि सगळे एका ओट्यावर जेवायला बसायचे.

"आन् त्या व्हिलनला बी सोडून दिलं?" आक्का विचारायची.

"सोडलं. त्याची माय म्हातारी हे ना."

"लैच दयाळू पोलीस हेत बाबा तुह्या जालन्याचे."

आई चुलीपाशी बसून ऐकायची. तिला गाणी नको असत. "गाणं वगळ अन् पुढं चाल," म्हणायची.

मग आक्काचं लग्न झालं. टेंभुर्णीला दिली. त्याच साली वडील गेले आणि घरातला कर्ता मी झालो. दर पंचमीला मी मुराळी म्हणून तिला आणायला जायचो आणि सण झाला की सोडून यायचो. आणायचं काम भावाचं, सोडायचं कामही भावाचं.

तिसऱ्या पंचमीला ती आली तेव्हा बसमध्ये फारशी बोलली नाही. वाळली होती. घरी भाकरी थापताना बांगड्या वर सरकल्या आणि मनगटाच्या वर निळं दिसलं. आईनं पाहिलं, मी पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पिठाचा डबा उचलून आत नेला. कर्ता मी होतो.

त्याच आठवड्यात मला सोयरीक आली होती. मुलीकडचे लोक घर बघायला यायचे होते. घर बघायचं म्हणजे घरात कोण-कोण आहे ते बघायचं.

सुट्टीच्या दिवशी मी पिक्चर पाहून आलो. आक्कानं ताट वाढलं. "हं," म्हणाली. मी सांगायला लागलो. एका पोरीचं लग्न होतं, सासरी छळ होतो, ती ट्रंक घेऊन भावाच्या दारात येते. भाऊ अजून कामावरून यायचा असतो. ती पायरीवर बसते, ट्रंक शेजारी. इथं मी थेटरातून उठलो होतो.

मी घास तोंडात घातला.

"मंग?" आक्का म्हणाली. "घेतलं का भावानं घरात?"

हातातलं उलथनं तिनं खाली ठेवलं होतं. डोळे माझ्यावर. स्टेशनवरून येताना मी नेहमीसारखा शेवट रचला होता, त्यात भाऊ तिला घरात घेत होता. तो जिभेवर होता.

"न्हाई," मी म्हणालो. "भाऊ समजूत घालतो. स्वतः सोडायला जातो. मंग नवरा सुधरतो. शेवटी पाळणा दाखवलाय."

तिनं उलथनं परत उचललं. मग म्हणाली, "बराबर हे," आणि तव्यावरची भाकरी उलटवली. ती करपली होती.

दोन दिवसांनी मी तिला टेंभुर्णीला सोडून आलो. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. माझं लग्न ठरलं. छान झालं. बायको चांगली मिळाली, तिला यातलं काही माहीत नाही.

आक्काचा नवरा सुधारला नाही. थकला, तेव्हा थांबला. पाच-सहा वर्षांपूर्वी वारला. मधल्या वर्षांत आक्का पंचमीला यायची, जेवू घालायची, माझ्या पोरीला न्हाऊ घालायची. पिक्चर सांग, असं तिनं परत कधी म्हटलं नाही. सुरुवातीला मीच एक-दोनदा सांगायला लागलो. ती ऐकायची, पण मी थांबलो की तिचं 'मंग?' यायचं नाही. मग मी पिक्चरला जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर गाडीचं कारण सांगायचो.

दिवाळीच्या त्या फजितीनंतर मुलीनं फोनवर जुने पिक्चर कसे शोधायचे ते शिकवलं. तो ट्रंकेचा पिक्चर सापडला. मी एकटा असताना लावला. रंग विटलेले, आवाज चिरका. भाऊ कामावरून येतो, पायरीवरच्या बहिणीला बघतो. एक शब्द बोलत नाही. ट्रंक उचलतो, आत नेतो आणि स्वतःच्या खाटेखाली सारतो. बास. त्यानंतर गिरणीत एक रटाळ मारामारी आहे आणि एक गाणं, कशाला ठेवलं देव जाणे. पिक्चर म्हणून टुकारच. पण ती ट्रंक सारल्याचा आवाज ऐकला आणि मी फोन पालथा ठेवला.

चार दिवसांनी टेंभुर्णीला गेलो. आक्का ओसरीत शिलाई मशीनवर बसली होती. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. पोरगा-सून शेतात गेले होते. तिनं उठून चहा ठेवला, माझ्या हातात कप दिला आणि परत मशीनवर बसली.

"काय रे, मधीच कसा काय? पंचमी न्हाई, दिवाळी न्हाई."

मी फोन काढला. "आक्का, तुला एक दाखवायचंय. तो ट्रंकेवाला पिक्चर..."

"बघितलाय म्या." पाय चालूच होता. "टीव्हीवर लागल्ता. पोरगं तिसरीत असंल तव्हा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू गाडीसाठी उठून येतो, शेवट घरचे लावतो, हे मला पहिल्या पिक्चरापसून ठाव होतं. इतके बँड कुठं वाजतेत?" ती जराशी हसली. दोरा दातानं तोडला. "लै ग्वाड शेवट राह्यचे तुहे. त्या दिशी म्या पिक्चरचं इचारलंच नव्हतं, भाऊ."

कप हातात होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की मी पोरसवदा होतो, मला समजलं नसेल.

"मला कळलं होतं, आक्का," मी म्हणालो. "तव्हाच कळलं होतं. सोयरीक मोडंल म्हणून मी तसं सांगितलं."

ती शिवण बघत राहिली. मशीन चालू होती. बाहेर शेळी ओरडली. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल.

"चहा पी," म्हणाली. "गार व्हईल." आणि जरा वेळानं, "जालन्याची बस भरायला लागली असंल. जाय, चुकंल."

"चुकू दे."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. परत शिवणीकडं.

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी दिवाळीतला पिक्चर सांगायला लागलो. पाट्या पडतात तिथपासून. कप ठेवून दिला, तिच्या शिवणाच्या डब्यातल्या रिळाची गाडी केली, कात्रीचा पूल. हिरोच्या मागं गाड्या लागल्या, तिथं आलो. मी उठलो होतो ती जागा. तिथं मी मुद्दाम थांबलो आणि वाट पाहिली.

'मंग?' आलं नाही. पण तिनं मशीनवरचा पाय काढून घेतला होता.

मी पुढचं सांगायला लागलो, जसं होतं तसं.