एका नावाची एकच ओळ

पहिल्या वर्षाची मुलं क्विझचा प्रोग्राम करून आणतात, तेव्हा मी एकच गोष्ट आधी तपासते. तेच नाव पुन्हा आलं तर काय होतं? बहुतेकांचा प्रोग्राम फाइलमधले जुने गुण पुसून नवे लिहितो. मग मी चिडते. बारामतीच्या कॉलेजात माझ्या या चिडण्याची नक्कल केली जाते, तेही मला ठाऊक आहे. शिकत असताना मीही हीच चूक केली होती, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.

माझं पहिलं क्विझ मी धाकट्या बहिणीसाठी लिहिलं. दहा प्रश्न, सगळे आमच्या शेळगावच्या घरचे. गाईचं कुठलं शिंग मोडलंय, विहिरीला पायऱ्या किती, असले. फाइलमध्ये एका नावाची एकच ओळ राहायची. तिला सात गुण पडले आणि ती रुसली, कारण कुठले तीन चुकले ते मी मुद्दाम सांगितलं नाही. पुन्हा खेळते, म्हणाली. त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. तो फोल्डर मी एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर नेत राहिले, पण उघडला कधीच नाही.

पुढं भावाला मुलगी झाली. तिचं नाव बहिणीचंच ठेवलं, आमच्याकडं ठेवतातच. 'तीच आली परत,' असं बारशाला जमलेल्या बाया म्हणाल्या. दुःख झालेल्या घरात असं बोलायची रीत असते, म्हणून मी ते कानाआड केलं. आई तेव्हा काहीच बोलली नव्हती. पोरीला घरात सगळे लाडाच्या नावानं हाक मारतात. खरं नाव फक्त शाळेच्या वह्यांवर.

गेल्या मे महिन्यात मी घरी गेले होते. नऊ वर्षांची ती पोर, मला कॉम्प्युटर शिकव म्हणून मागं लागली. भर दुपार होती. लाईट गेल्यानं पंखा बंद, घरामागच्या मक्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. आई उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. मी मन घट्ट केलं आणि तो फोल्डर उघडला.

प्रोग्रामनं नाव विचारलं. तिनं शाळेतलं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'आलीस परत? मागच्या वेळी सात होते.'

ती ओळ मीच लिहिलेली, अठराव्या वर्षी, गंमत म्हणून. तरी अंगावर सर्रकन काटा आला. पोरीला काहीच वाटलं नाही.

"व्हय," ती पडद्याला म्हणाली आणि पुढं गेली.

शिंग, डावं. बरोबर. पायऱ्या, सतरा. तेही बरोबर. ती विहीर आम्ही पोरीच्या जन्माआधीच बुजवली होती.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी न्हाय. मला आठवतंय की. मी शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसायची, आन् आजी वरनं वरडायची."

मी आईकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"आठवतंय तिला," आई म्हणाली. "रोज सांगितलं की आठवतं."

दुपारी घरात या दोघीच असतात. बहीण गेल्यापासून आईनं माझ्यापाशी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते सगळं ती या पोरीला सांगत होती, आणि दुसऱ्या कुणाचं म्हणून नाही, तर पोरीचं स्वतःचं म्हणून. मला माझ्या आईची भीती वाटली. तोवर कधीच वाटली नव्हती.

दहा प्रश्न संपले. नऊ गुण पडले. पोर खूश झाली, मग विचारात पडली.

"आत्या, मागच्या बारीला माझे तीन कुठले चुकले हुते गं?"

मग ती आजीकडं वळली. आईनं लसूण खाली ठेवला. ती उत्तर देणार होती. तिनं ते दिलं असतं तर या पोरीजवळ स्वतःचं असं काहीच उरलं नसतं, एवढं मला त्या क्षणी कळलं.

"तू न्हाय खेळलीस," मी म्हणाले. आवाज चढला होता. "ती माझी बहीण हुती. ती वारली. तू आज पयल्यांदा खेळलीस. हे नऊ तुझे हायत."

"मग पायरीवर कोण बसायचं?"

"ती."

पोर बराच वेळ स्वतःच्या पायांकडं बघत राहिली.

मी फाइल उघडली. एकच ओळ होती, नऊ गुणांची. बहिणीचे सात पुसले गेले होते. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. वर नवी ओळ घालून तिचं नाव आणि सात पुन्हा टाइप केले. आता एकाच नावाच्या दोन ओळी झाल्या. कुठली कुणाची, काहीतरी खूण हवी होती.

"आई, हिच्याफुडं काय लिहू?"

आईनं हात पदराला पुसले आणि जवळ येऊन बसली. बहिणीची ओळ कुठली, ते तिनं मला विचारून घेतलं, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"गेली, म्हणून लिही," ती म्हणाली.