दारफाळणीचा दिवस

सन १९९३, सप्टेंबर महिना, पाऊस ओसरत आलेला. गुजराती वस्तीच्या कतारगामात, आमच्या सोसायटीत एका जिन्यावर चार मराठी बिऱ्हाडे. तेव्हा किस्से साचले नसते तरच नवल. परंतु लिआबाईंचे किस्से सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

लिआबाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. सत्तरीच्या, एकट्या, नुकत्याच राहायला आलेल्या. वर्षातून एक दिवस त्या प्रायश्चित्ताचा उपास करीत. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणे नाही, दार बंद. त्यांच्यात याला दारफाळणीचा सण म्हणतात.

*

हे पहिल्या वर्षी आम्हांला कुठे ठाऊक होते? समोरच्या मालतीबाई धुळ्याकडच्या, मायाळू. शेजारणीचा उपास आहे एवढेच कळले, म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन गेल्या. हाका मारल्या. दार उघडले नाही.

"आमच्या हातचं चालत नसेल," एवढेच म्हणून त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी लिआबाई समजावायला गेल्या. तोवर मालतीबाईंचे दार त्यांच्यापुरते लागले होते.

*

उपासाच्या आदल्या दिवशी लिआबाई ज्याची त्याची क्षमा मागत. भाजीवाल्या शांताबेनलाही म्हणाल्या, "भावावरून तुला बोलले असेन, माफ कर."

"बेन, तमे तो रोज बोलो छो. कया दिवसनी माफी?"

"सगळ्या दिवसांची."

शांताबेनने हातातला तराजू खाली ठेवला.

*

एका वर्षी लिआबाईंना ताप होता. उपास लागण्याआधी मी विचारले, "आजाऱ्याला सूट असते ना?"

"असते."

"मग?"

"आजारी कोण आहे?" चौकट धरून उभ्या होत्या. आमच्या मधल्या भिंतीला कान लावणे मला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी लावला. प्रार्थनेचा स्वर संध्याकाळपर्यंत खंडला नाही.

*

क्षमा मागायला शेवटचे दार नेहमी मालतीबाईंचे. "चुकलं ते माफ करा," असे लिआबाई त्या बंद दाराला सांगत. आतून कुकरची शिट्टी तेवढी येई.

"माणसाला दुखावलं, तर आधी त्या माणसानंच माफ करावं लागतं," त्या मला म्हणाल्या. "देव त्यात पडत नाही. माझा उपास दरवर्षी अर्धाच राहतो."

हे मी मालतीबाईंच्या कानावर घातले.

*

१९९६ साली उपासाच्या सकाळी मालतीबाई लिआबाईंच्या दाराबाहेर चटई टाकून बसल्या. मी चहा नेला, नको म्हणाल्या. पाणी नेले, तेही नको. दुपार गेली. येणारेजाणारे चपला हातात घेऊन जिना चढू लागले.

चांदण्या दिसल्यावर कडी वाजली. पांढऱ्या पातळात लिआबाई.

मालतीबाई भिंतीला धरून उठल्या आणि घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "लिआबाई, तुन्हं दार एक दिन बंद ऱ्हास. मन्हं तीन वरीस बंद व्हतं. आते माफी कोन्ही मांगानी?"

लिआबाई आत गेल्या. उपास सोडायचे काळ्या मनुकांचे सरबत घेऊन आल्या, आणि पेला मालतीबाईंच्या हातात देत म्हणाल्या,

"आधी तू घे."