हाक कितव्या पावलाला

मानसशास्त्राचा पेपर दोनदा राहिला होता आणि यंदा नोंदणीचं शेवटचं वर्ष होतं. दहावीनंतर शाळेतून काढून मला चादरीच्या दुकानात बसवलं ते थोरल्या भावानं. तुला व्यवहार कळतो, तुला काय करायचंय शिकून, असं म्हणून तो स्वतः कॉलेजात गेला. पुढं ते दुकान मी एकट्याच्या हिमतीवर वाढवलं. पण त्याचं वाक्य चाळिशी उलटली तरी घशात अडकून होतं. म्हणून बाहेरून बी.ए.

घोडं एकाच धड्यावर अडलं होतं, प्रबलनाची वेळापत्रकं. प्रयोगातल्या कबुतराला बटणावरच्या किती टोचांनंतर दाणा द्यायचा किंवा किती वेळानं द्यायचा, ठरावीक द्यायचा की बेभरवशाचा, असे चार प्रकार. गल्ल्यावर पुस्तक उघडं ठेवून पाठ करायचो. गिऱ्हाईक आलं की उठायचो, परत बसेपर्यंत गुणोत्तर आणि कालांतर यांची अदलाबदल झालेली असायची. दोनदा पुस्तक आपटलं.

अभ्यासकेंद्राच्या रविवारच्या वर्गात शिकवणाऱ्या मॅडमनी नेमकं मलाच उभं केलं. चुकलो. मागची पोरं हसली तसा भडकलो. हे कबुतराचं बाजारात कुणाच्या उपयोगाचं आहे, असं सरळ विचारलं. मॅडम चादरी माझ्याच दुकानातून न्यायच्या, दर वेळी घासाघीस करून. त्या शांतपणे म्हणाल्या, “मालक, भाव पटला नाही की मी पायरी उतरते. तिसऱ्या पावलाला तुम्ही हाक मारता. चौथं मला कधी टाकावं लागलं नाही. याला म्हणतात स्थिर गुणोत्तर.”

कान तापले. माझ्याएवढा चिवट दुकानदार सोलापुरात नाही अशी माझी समजूत होती, आणि हितं माझं गिऱ्हाईक पावलं मोजत होतं.

सोमवारपासून हाकेचं पाऊल बदललं. कधी दुसऱ्याला, कधी सातव्याला, कधी हाकच नाही. वाटलं, आता गिऱ्हाईकं दमतील. झालं उलटं. एकदा उतरणारी माणसं चार-चारदा उतरून परत यायला लागली. मैंदर्गीची एक बाई कोपऱ्यापर्यंत जाऊन वळली आणि तिथूनच म्हणाली, “मालक, अजून एकदा जाऊन येऊ का?”

रागानं पुस्तक उघडलं. चल गुणोत्तराखाली तेच होतं: मोबदल्याचा भरवसा नसला की सवय सगळ्यात चिवट होते. ती मोडायची तर मोबदला कायमचा बंद करायचा. म्हणजे हाकच मारायची नाही. पण बोहनीला ते कसं जमणार? दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की संध्याकाळपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नसतं.

परीक्षेत चारही प्रकार उदाहरणांसह आले. कबुतराला हातही न लावता मी मॅडम, बोहनी, मैंदर्गीची बाई, सगळं लिहीत सुटलो. पुरवणी घेतली. घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न कोरा होता. निकालापर्यंत त्या कोऱ्या पानानं मला एका जागी बसू दिलं नाही.

निकालात पेपर सुटला. भावाला फोन केला.

“काठावर का?” त्यानं विचारलं.

“काठावर, दादा. पण सुटला.”

“मग आता एम.ए. का?”

तो टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन एम.ए.चा फॉर्म मात्र आणला.