घोटभर पाणी मागणारी हडळ

दापोडीत रेल्वेच्या रुळांलगतच्या चाळीत सोजरबाईचा दरारा होता, तो तिच्या हडळीमुळे. नवरा भीमराज पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात देव नव्हते, तशी भुतंही नव्हती. "अगं, भूतबित काय नसतं," तो कावायचा. "ठावं हाय," सोजरबाई म्हणायची, "पर गोष्ट असती न्हवं?" आणि दिवेलागणीला पोरं ओट्यावर जमली की ती खुशाल हडळीला बोलवायची.

गोष्ट तिच्या आईनं सांगितलेली. गावानं विहिरीवर पाणी दिलं नाही म्हणून एक बाळंतीण तहानेनं मेली आणि हडळ होऊन दारोदार फिरू लागली. सोजरबाई आवाज घोगरा करून विचारायची, "घोटभर पाणी हाय का गं?" त्यावर ऐकणाऱ्यांनी एका सुरात "न्हाई!" म्हणायचं, हा रिवाजच होता. कोणी "हाय" म्हटलं, तर हडळ त्याच्या घरी येणार आणि गोष्ट तिथंच कायमची संपणार. आजवर कोणाची छाती झाली नव्हती. भल्याभल्या दांडगट पोरांची पाचावर धारण बसायची. तिला स्वतःला मात्र कधी भीती वाटली नाही. वाढणाऱ्या बाईला पंगतीत बसायला सवड कुठली?

कारखान्याच्या स्टोअरमधले कारकून यशवंतराव नाटकवेडे. त्यांनी ही गोष्ट ऐकली, सोजरबाईला विचारून पुणे आकाशवाणीसाठी तिची श्रुतिका केली. त्या दिवशी सगळी चाळ एका रेडिओभोवती बसली. हडळीनं पाणी मागितलं, आणि पुढं नुसती शांतता. रेडिओत "न्हाई" म्हणणारं कोणी नव्हतंच, आणि चाळीतही कोणाला कंठ फुटेना. आपल्याच गोष्टीनं सोजरबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. ती भीमराजजवळ सरकली. "काय गं, नसतं न्हवं भूत?" त्यानं चिडवून घेतलं.

श्रुतिका गाजली, तसं यशवंतरावांनी कामगारांच्या स्पर्धेसाठी नाटकच बसवलं. हडळ झाल्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स इंदुताई. "लोकं घाबरली पायजेत बघा," सोजरबाईनं यशवंतरावांना बजावलं, "न्हाईतर चाळीत माजं कोण ऐकंल?"

प्रयोगाला ती पुढच्याच सतरंजीवर बसली, पोरांना तहान लागेल म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन. इंदुताई आल्या. मोकळे केस नाहीत, चुना फासलेलं तोंड नाही. काखेत फडक्यात गुंडाळलेलं मूल आणि सुकलेले ओठ. "घोटभर पाणी हाय का गं?"

निम्मी दापोडी आली होती. सवयीनं सगळे गरजले, "न्हाई!"

इंदुताई दचकल्या. हे त्यांच्या नाटकात नव्हतंच. मान खाली घालून त्या दोन पावलं मागं सरल्या.

इतकी वर्षं सोजरबाईनं या बाईचा आवाज काढला होता, तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी आईचा पदर धरून ती स्वतः अशीच विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. त्या वेळच्या आईचे ओठ तिला आठवले. या बाईला काय भ्यायचं?

ती तांब्या घेऊन उठली. भीमराजनं तिचा पदर ओढला. "अगं, नाटक हाय ते! आन् हाय म्हनलीस तर तुजी गोष्ट संपली बघ. कोन भ्येनार न्हाई पुना तुला."

"नगं भिऊ देत," ती म्हणाली आणि रंगमंचापाशी गेली. "हाय गं बाई. पानी हाय. ये."

मंडपात हसू उठलं आणि लगेच विरलं. इंदुताई कडेला येऊन गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी ओंजळ पुढं केली. सोजरबाईनं वरून धार धरली नाही. तिनं तांब्याच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायल्या.

मागं सतरंजीवर चाळीतलं एक पोरगं उभं राहून ओरडलं, "आमच्या घरीबी हाय!"

मग दुसरं उठलं.