जोथमचा हात

नदीपलीकडे लाकडाच्या गिरणीचा भोंगा झाला की डॉक्टर ओबेड थर्लो हाडं कापायची करवत पेटीतून काढत, तेलाच्या फडक्याने पुसत आणि खिडकीतून गिरणीकडे बघत विचारत, "आज कोणाचा?" कॉफी त्यानंतर. बावीस वर्षं हा नेम चुकला नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावाचं पोट गिरणीवर होतं, आणि गिरणीतल्या गोल करवतीला झाकण नव्हतं. ऐन विशीत, यादवी लढाईच्या दिवसांत, डॉक्टरांनी एका कोठारात इतके हातपाय कापले होते की खिडकीखाली ढीग लागला होता. पण ती लढाई होती. इथे कुणी कुणाशी लढत नव्हतं, तरी वर्षाला सात-आठ हात जात. मालक बॅगली म्हणे, "झाकण लावलं की काम मंदावतं."

गावाची एक रीत होती. कापलेला अवयव लहानशा पेटीत सरळ निजवून पुरायचा. वाकडा पुरला तर माणसाला तिथे जन्मभर दुखतं, असं सगळे मानत. सुतार एबनर अशा पेट्या तयारच ठेवी. डॉक्टरांचं डोकं फिरे. "जिवंत हाताला झाकण नाही, आणि मेल्या बोटांना पेटी!"

फेब्रुवारीत जोथम स्पॉल्डिंगचा उजवा हात मनगटापासून गेला. त्याची बायको लोव्हिना बाहेर बाकावर बसून होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "हात मी पुरतो. नीट पुरतो." पुरला नाही. बरणीत स्पिरिट ओतून त्यात ठेवला, मूठ आवळलेली तशीच. मार्चच्या गावसभेत झाकणाचा ठराव मांडताना ती बरणी त्यांना बॅगलीच्या नाकासमोर ठेवायची होती.

जखम भरत आली, पण जोथमला झोप येईना. नखं तळव्यात रुततायत म्हणून तो ओरडे. तळवा तर नव्हताच.

लोव्हिना दवाखान्यात आली. "डॉक्टर, कुठे पुरलात ते दाखवा. पेटी उघडून बोटं सरळ करते."

"शाळेत गेली होतीस ना? मग गाढवासारखं काय बोलतेस?"

"गाढव तर गाढव. गावातल्या बाकीच्या गाढवांना झोप लागते, माझ्याच नवऱ्याला लागत नाही."

डॉक्टरांनी तिच्या हातात अफूच्या अर्काची बाटली दिली आणि दार लावून घेतलं. बरणी आतल्या खोलीत फडक्याखाली होती. सभेला सहा दिवस होते. सहा दिवस कळ काढली तर काय मरतो, असं ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले.

सभेत त्यांनी बरणी टेबलावर आपटली.

"बॅगली, ओळखतोस का हा हात? तुझ्याकडे अकरा वर्षं राबला."

बॅगलीने वाकून बघितलं. "डॉक्टर, लोणची कधीपासून घालायला लागलात?"

काही लोक हसले. मागच्या बाकावरून लोव्हिना उठली.

"बाईंना इथे बोलता येत नाही," सभाध्यक्ष म्हणाले.

"मग म्हणत राहा, बोलू नको म्हणून. पुरला म्हणून सांगितलंत, डॉक्टर. तो हात माझ्या नवऱ्याचा आहे, तुमच्या रागाचा नाही. द्या इकडे."

डॉक्टरांचे कान लाल झाले. बरणी तेव्हाच उचलून देता आली असती. ते म्हणाले, "आधी मतदान होऊ दे." ती उभीच राहिली.

झाकणाच्या बाजूने हात वर करा, असं अध्यक्षांनी सांगितलं. दीडशे माणसांत नऊ हात वर झाले. ज्यांचे दोन्ही हात शाबूत होते ते खिशात घालून बसले होते, बॅगली बघत होता म्हणून. डॉक्टरांनी त्या सगळ्यांना एकेकाच्या नावाने शिव्या घातल्या. मग बरणी काखेत मारली आणि लोव्हिनाच्या मागून बाहेर पडले.

एबनरच्या छपराखाली, रंधा मारायच्या टेबलावर, त्यांनी हात बाहेर काढला. स्पिरिटने तो लाकडासारखा कडक झाला होता. तळव्यात चाकू घालून त्यांनी आखडलेल्या शिरा तोडल्या आणि एकेक बोट उघडलं. करंगळी शेवटी सुटली. लोव्हिना समोर उभी राहून बघत होती. माफ कर म्हणावंसं त्यांना वाटलं, पण तोंडातून निघालं ते "दिवा नीट धर" एवढंच. जमीन गोठलेली होती. एबनरने आधी शेकोटी पेटवली, मग पहारीने खड्डा केला.

जोथम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला.

डॉक्टरांनी पुस्तकं चाळली, उत्तर मिळालं नाही, तेव्हा ती भिंतीवर भिरकावली. विश्वास त्यांचा कधीच बसला नाही. पण त्यानंतर कापलेला प्रत्येक हात त्यांनी स्वतः सरळ केला, दात-ओठ खात, आणि स्वतः एबनरकडे नेऊन दिला. झाकण चार वर्षांनी बसलं, बॅगलीच्या पुतण्याची तीन बोटं गेल्यावर. तीही त्यांनीच सरळ केली. गिरणीत मग दुसरी यंत्रं आली, त्यांना झाकणं नव्हती, आणि सकाळचा प्रश्न तसाच राहिला.

लोव्हिना वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे दर शनिवारी शिजवलेल्या घेवड्याचं मडकं दारात ठेवून जाऊ लागली, न बोलताच. डॉक्टरांच्या शेवटच्या आजारात मात्र आत आली, खाटेपाशी बसली आणि त्यांना चमच्याने भरवू लागली. दोन घास खाऊन त्यांनी तोंड फिरवलं.

"एबनरला सांग," ते म्हणाले, "पेट्या जरा लांब कर म्हणावं. बोटं दुमडतात."